वडशापर्यंत

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

बीपी ठीक.

नागपूरच्या डॉक्टरांनी रोजचं बीपी लिहून ठेवायला सांगितलं, म्हणून ही डायरी. पण बीपी लिहून झालं की अख्खं पान रिकामं राहते, आणि मनातलं मनातच. म्हणून उरलेल्या पानावर लिहावं म्हणते. घरात आम्ही आपली हिंदी बोलतो, पण लिहायला मला मराठीच येते. आमची शाळा मराठी होती.

ह्यांना सप्टेंबरात लकवा मारला. दुकानात शिवता शिवता सुई हातातून गळली, आणि मग हे पडले. दुर्गापूरहून ऊर्जानगरकडे जाताना मोटरसायकलच्या सीटा शिवायचं आमचं दुकान आहे. विजेच्या प्लांटमधल्या निम्म्या गाड्यांवर ह्यांच्या, गुलाम रसूलच्या हातची सीट आहे. आता दुकान आमचा मुलगा फैज पाहतो. ह्यांचा उजवा हात गेला, उजवा पाय ओढत टाकतात, आणि बोलणं गेलं. ‘हां’, ‘नै’, ‘अल्ला’ एवढंच निघते. आणि एक शिवी. ती मात्र एकदम साफ येते.

आज तिसरा फिजिओथेरपीवाला सोडला. पहिल्याकडे ओळीने खाटा, सगळ्यांना तीच मशीन, तेवढाच वेळ, पुढचा या. दुसरा घरी यायचा. एका हाताने ह्यांचा हात वर-खाली करायचा आणि दुसऱ्या हातात मोबाईल. आजचा ह्यांच्यासमोरच मला म्हणाला, “सहा महिन्यांत काही नाही झालं तर मग आशा सोडा.” जसं काही खुर्चीत पोतं ठेवलं आहे. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असं लोक कसं धरून चालतात?

फैजला म्हटलं, आणखी एखादा पाहा. नुसता हात न् पाय नको, ह्यांना पूर्ण पाहील असा.

“अम्मी, असा डॉक्टर कुठी भेटते?” म्हणाला. पण विचारतो म्हणाला.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

प्लांटमध्ये क्रेन चालवणारा चैतू आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या वडिलांना ज्यांच्यामुळे फरक पडला, त्यांचं नाव त्याने दिलं. दिव्यानी मॅडम. पोंभुर्ण्याच्या आहेत, तिशीच्या असतील. तुकूमला त्यांची व्यायामाची जागा आहे, पण म्हणाल्या, पहिल्या वेळी मीच घरी येते.

आल्या, तर ह्यांच्या हाताला हातच लावला नाही! आधी संडास पाहिला. मग न्हाणी, मग उंबरठा. झोप लागते का, दुकानात कुठं बसत होते, नमाजला कोणत्या मशिदीत जात होते, चहा कसा लागतो, कोणाशी पटते, कोणाशी पटत नाही. माझे गुडघेही विचारले.

“ह्यांचं पाहा ना, माझं काय,” मी म्हटलं.

“काकू, तुम्ही पडल्या तर ह्यायले कोण पाहीन?”

मग खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर बसल्या. “काका, मी सांगीन तसं नाई कराचं. तुम्ही मले सांगाचं. तुम्हाले पहिलं काय कराचं आहे? एक गोष्ट सांगा. आपण तिथपर्यंत जाऊ.”

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मला वाटलं, मशीद म्हणतील, नाही तर दुकान. हे कितीतरी वेळ भिंतीकडे पाहत राहिले. तिथे अदीबाच्या निकाहाचा फोटो आहे. ओठ हलले, लाळ आली. मी पुसायला उठले, तर मॅडमनी नुसत्या डोळ्यांनी मला बसवलं. मग हे म्हणाले, “वडसा.”

साफ. त्या शिवीसारखं साफ.

“वडशाले कोण आहे?”

“मुलगी. वडशाला दिली आहे,” मी म्हटलं.

“मंग झालं. काका, वडसा पक्कं. चांदा फोर्टवरून रेल्वेत बसून. आपल्या पायानं.”

ह्यांनी मान हलवली. ‘अदीबा’ म्हणाले नाहीत, ‘वडसा’ म्हणाले. नाव घ्यायला जड जात असेल अजून.

मॅडम गेल्यावर मी स्वयंपाकघरात येऊन बसले. आता लिहूनच टाकते. अदीबा नाही. हे नागपूरला आयसीयूत होते त्याच आठवड्यात तिकडे वडशाला तिला डेंग्यू झाला, प्लेटलेट उतरत गेल्या, आणि गेली. चोवीस वर्षांची होती. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. फैज मातीला गेला. मी ह्यांच्याजवळ थांबले, कोणीतरी थांबायला पाहिजेच होतं. तिचं तोंड मी पाहिलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, ह्यांना धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. तेव्हापासून आमच्या घरात अदीबा वडशालाच आहे. कामात आहे. पुढच्या महिन्यात येणार आहे.

९ डिसेंबर, सोमवार

मॅडमचा एकच हट्ट. “काकू, हात मागे ठेवा.”

ह्यांनी डाव्या हाताने चहा घेतला, निम्मा छातीवर सांडला. मी धावले, तर मला ओरडा बसला. सदऱ्याचं एक बटण लावायला एवढा वेळ लागला की माझी भाजी करपली. मला राग आला. परकी पोरगी येऊन मला माझ्या नवऱ्याला हात लावू देत नाही!

मग त्यांनी सांगितलं, त्यांच्या आजीला पोंभुर्ण्यात असाच लकवा झाला होता. “आम्ही सगळ्यायनं लय जीव लावला तिले. पाणीसुद्धा तोंडात घातलं. दहा माणसाचं घर, अन् म्हातारी खाटेवरून उठलीच नाई मंग. कोणी उठूच नाई देलं.”

ह्यांनी पुढचं बटण लावलं. चुकीच्या काजात.

२८ डिसेंबर, शनिवार

आज हे काठी घेऊन घरापासून दुकानापर्यंत चालत गेले. फैजने हातातलं रेग्झिन टाकून मिठी मारली. पानठेल्यावरचे लोक उठून आले. ह्यांनी आपल्या जुन्या स्टुलावर बसून डाव्या हाताने एका सीटची शिवण चाचपली आणि फैजकडे पाहून ती शिवी दिली. शिवण वाकडी होती म्हणे. सगळे हसले, मीही हसले.

आणि हसता हसता मनात आलं. हे जितके चालतात तितकं वडसा जवळ येते.

घरी आल्यावर फोटोसमोर बसले. मला वाटलं, आता विचारतात. काहीतरी करायचं म्हणून मीच फोन कानाला लावला. “हां अदीबा. हां बेटा, अब्बा आज दुकानापर्यंत चालत गेले ना.” फोन बंद होता. पण एकदा सुरू केलं आणि थांबताच येईना. जेवलीस का विचारलं, थंडीचं स्वेटर घालत जा म्हटलं, केसांना तेल लाव म्हटलं. हे उठले. काठीही घेतली नाही, भिंत धरत धरत माझ्याकडे आले. फोन मागणार म्हणून मी घाईने “कट गया” म्हटलं.

ह्यांनी फोन मागितला नाही. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवून उभे राहिले, बराच वेळ. तोल जात असेल, आधार लागला असेल.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

मॅडमना फोन करून सांगितलं, ह्यांना ताप आहे, काही दिवस नको.

ताप नाही.

मी पुन्हा भरवते आहे, पुन्हा बटणं लावते आहे. हे मुकाट्याने तोंड उघडतात. दुकानाकडे जायला निघाले, तर थंडी आहे म्हणून परत बसवलं. फैज विचारतो, “अम्मी, काऊन थांबवलं?” त्याला काय सांगू? वडशाला जाऊन ह्यांना पुन्हा झटका आला, तर त्यापेक्षा खुर्चीत बसलेले काय वाईट आहेत? डोळ्यांसमोर तर राहतील.

आणि खरं सांगायचं तर भरवायला मला बरं वाटते. भात कालवून घास केला की हाताला काम मिळते. कोणीतरी तोंड उघडते, आणि मी त्यात घास घालते.

२० जानेवारी, सोमवार

मॅडम न सांगता आल्या. ह्यांच्याकडे एकदा पाहिलं, कपाळाला हात लावून पाहिला आणि माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या.

“काकू, काका पंधरा दिवसांआधी आपल्या हातानं जेवत होते. काय झालं?”

मी सांगून टाकलं. सगळं. पहिल्यांदाच कोणाला तरी तोंडाने सांगितलं. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, खाली बसल्या.

“म्हणजे ज्या घरी पोरगी नाई, तिथी मी त्यायले चालवत नेऊन राह्यली?”

“मला ‘नाही’ म्हणता आलं नाही. किती दिवसांनी एक शब्द बोलले होते.”

“मी खोटं बोलणार नाई, काकू. त्यायनं विचारलं तर टाळणारही नाई. पण सांगणं तुमचं आहे. गाडीत बसाच्या आधी सांगा. तिथी दारात समजलं तर लय वाईट होईन.”

“आणि सांगितल्यावर पुन्हा आजारी पडले तर?”

“आता त्यायचं बीपी ताब्यात आहे. तरी तुमच्या डॉक्टरले मी विचारते, ते काय म्हणते पाहू. एकट्या नका राहू यात.” मग म्हणाल्या, “तुम्ही रडल्या का तिच्यासाठी?”

कुठे रडू? पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर. रडलं की डोळे दिसतात.

म्हणाल्या, “काका माझ्याकडे व्यायामाले आले की तुम्ही बाजूच्या खोलीत बसत जा. दार लावून. मी काही विचारणार नाई.”

इलाज ह्यांचा चालू आहे की माझा, समजत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टर म्हणाले, आता सांगू शकता, घरच्या माणसाने शांतपणे सांगावं. मी मात्र अजून सांगितलं नाही.

मॅडमनी ह्यांना पुन्हा विचारून पाहिलं. मोबाईलवर फोटो दाखवले. मशीद, दुकान, पानठेला. “काका, वडसा दूर आहे. आधी दुसरं काही ठेवू का?”

ह्यांनी मॅडमना शिवी दिली. मग बोटाने सगळे फोटो बाजूला सारले. “वडसा.”

मॅडम हसल्या. मग हसायच्या थांबल्या, आणि ह्यांच्याकडे पाहतच राहिल्या. निघताना चपला घालता घालता मला म्हणाल्या, “काकू, काकाले आपल्याले वाटते त्याहून लय जास्त समजते.”

व्यायामाचं म्हणत असतील. खरंच आहे, सांगितलेलं चटकन करतात.

परवा तुकूमला मी बाजूच्या खोलीत बसले होते. काही झालं नाही. पंखा पाहिला.

४ मार्च, मंगळवार

रमजान लागला. ह्यांना औषधांमुळे रोजा नाही. मी धरते.

आता रेल्वेच्या पायरीची तयारी चालू आहे. पॅसेंजरची पायरी उंच असते, म्हणून दुकानासमोरच्या सिमेंटच्या ओट्यावर चढायचं. डाव्या हाताने गज धरायचा, चांगला पाय आधी. उतरताना कमजोर पाय आधी. फैज मागे उभा राहतो, हात पाठीशी बांधून. त्याचा चेहरा पाहवत नाही. आज हे घसरून गुडघ्यावर पडले. उठले, पुन्हा चढले, पुन्हा. वडशाची एवढी ओढ! तिला भेटायची. आणि मी “शाब्बास” म्हणते.

तुकूमला त्या बाजूच्या खोलीत आज रडू आलं. उपाशी पोटी. बाहेर आले तर हे आपली व्यायामाची रबरी पट्टी ओढायची सोडून दाराकडेच पाहत होते. मी म्हटलं, कांदा. तिथे कुठला कांदा!

३१ मार्च, सोमवार

ईद.

फैजने ह्यांच्यासाठी नवा पांढरा कुर्ता आणला होता. ह्यांनी हात लावला, घडी सरळ केली, आणि परत पेटीत ठेवून दिला. जुनाच घातला. नव्याची काजं घट्ट असतात, बोटांना जमत नसेल. मी लावून देते म्हटलं, तर “नै”.

शीरखुर्मा केला. सगळ्यांनी वाटी हातात धरली. कोणी तिचं नाव काढलं नाही. दर ईदला तिचा पहिला फोन ह्यांना यायचा. आज मी ठरवून ठेवलं होतं, विचारलं तर म्हणायचं, तिकडे रेंज नाही.

ह्यांनी फोनकडे पाहिलं नाही. दिवसभर एकदाही नाही. मला बरं वाटलं, आणि मग वाईट वाटलं. विसरले की काय पोरीला?

१२ एप्रिल, शनिवार

काल वडशाला जाऊन आलो. सगळं लिहिते.

चांदा फोर्टला मॅडम आल्या होत्या. मला बाजूला घेऊन विचारलं, “सांगितलं?” मी मान हलवली, नाही. रागावल्या नाहीत. “गाडीत सांगा,” एवढंच म्हणाल्या, आणि माझे दोन्ही हात धरून ठेवले.

हे चढले. आपल्या हाताने गज धरून, चांगला पाय आधी. वर उभे राहून मॅडमकडे वळले आणि काठी उचलून दाखवली. मॅडमनी तोंड फिरवून ओढणीने डोळे पुसले.

मी ठरवलं, मूल स्टेशन गेलं की सांगायचं. मूल गेलं. सिंदेवाहीच्या पुढे जंगलात मोहाची झाडं, खाली टोपल्या घेऊन वेचणाऱ्या बाया. म्हटलं, नागभीडला सांगू. नागभीडला गर्दी चढली. ब्रह्मपुरी आलं आणि मी “सुनिये” म्हटलं. हे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, “पाणी पाहिजे?” ह्यांनी पाणी घेतलं. माझा हात मांडीवर घेऊन धरून बसले. समोर फैज बसला होता, तो खिडकीतून बाहेरच पाहत होता.

वडशाला वाजिद, आमचा जावई, ऑटो घेऊन आला होता. किती वाळला आहे! मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, अजून नाही सांगितलं. त्याने खाली वाकून सलाम केला. मग ह्यांना विचारलं,

“अब्बा, घर चलें?”

“नै.”

“अब्बा, थोडं आराम करा, मग,” फैज म्हणाला.

ह्यांनी काठी प्लॅटफॉर्मवर रोवली. तोंड हललं. मला तो त्रास पाहवत नाही, तरी मी हात मागे ठेवले. आणि ह्यांच्या तोंडातून पूर्ण शब्द निघाला, कुठेच न तुटता.

“कब्रस्तान.”

एवढा मोठा शब्द! कधी घोकला असेल? माझ्यापासून लपवून, कुठे?

“कब से मालूम है?” मी विचारलं.

“फैज… फोन…” बराच वेळ लागला. “नागपूर.”

फैज तिथेच बाकावर बसला. नागपूरला ह्यांच्या पलंगाजवळ उभा राहून तो वाजिदशी फोनवर बोलला होता, रडला होता. अब्बा बेशुद्ध आहेत असं समजून. म्हणजे पहिल्या दिवसापासून. म्हणजे बंद फोनवर मी तिला स्वेटर घाल म्हणत होते, तेव्हाही.

“मग मला सांगितलं का नाही?” म्हटलं, आणि म्हणता म्हणता कळलं, काय विचारते आहे. कशाने सांगतील?

पण नंतर ऑटोत वाटलं, ‘वडसा’ म्हणता आलं, ‘कब्रस्तान’ म्हणता आलं. सांगायचं असतं तर तेही जमवलं असतं. माझ्याकडे पाहून थांबले असतील का? माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आमच्याकडे बाया कब्रस्तानात जात नाहीत. मी फाटकाशी ऑटोत बसले. वाजिद पुढे रस्ता दाखवत, फैज मागे. फैजने हात धरायला हात पुढे केला, तर ह्यांनी झटकला. उजवा पाय ओढत, काठी टाकत, दगडगोट्यातून हे एकटे चालत गेले. वळणापर्यंत दिसले. मग भिंत आडवी आली.

मी मोठ्याने रडले. ऑटोवाला उतरून लांब जाऊन उभा राहिला. कोणापासून लपवायचं आता? किती महिन्यांचं होतं कोणास ठाऊक. तिचं नाव घेऊन घेऊन रडले.

परत आले तेव्हा ह्यांच्या डाव्या हाताला माती होती, आणि गुडघ्यांना. फैज म्हणाला, “अम्मी, अब्बा आपल्याच हातानं बसले न् आपल्याच हातानं उठले.” ह्यांना ऑटोत चढवायला मी सरकले, तर आपणच चढले. माझ्याशेजारी बसून दम घेतला.

माझ्या मनात किती प्रश्न होते. कब्र कुठे आहे, बाजूला कोण आहे, उन्हात तर नाही ना. एप्रिलचं ऊन, आणि आमच्या पोरीला ऊन सोसायचं नाही, जरा चाललं की डोकं धरायची. फैजला हे कधी विचारता आलं नव्हतं. ह्यांना तरी कसं विचारू, सांगतील कसे?

हे माझ्याकडे वळले. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. मी थांबले. ऑटोवाल्याने गाडी सुरू केली, तर वाजिदने त्याच्या खांद्याला हात लावून बंद करायला लावली.

“छाँव,” हे म्हणाले. “छाँव है.”

“सिरहाने?” मी डोक्याला हात लावून विचारलं.

“हां,” म्हणाले.